मर्नेप्ताहची पेटी, प्सुसेन्नेसचं थडगं : लक्सर ते तानिस, सहा दिवस

प्सुसेन्नेस पहिला हा इजिप्तच्या एकविसाव्या राजवंशातला फॅरो. इ.स.पू. सुमारे १०४७ ते १००१ हा त्याचा काळ. नाव ग्रीकांनी वळवलेलं आहे. मूळ इजिप्शियन नाव पासेबाखाएन्निउत, म्हणजे 'नगरात उगवलेला तारा', आणि हे नगर म्हणजे थीब्स, आजचं लक्सर. राज्य मात्र त्याने तिथून सरळ रेषेत सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तानिसहून केलं. राजाचा शवकक्ष जसा बंद केला तसाच, चोराचा हात न लागता सापडला, असं इजिप्तमध्ये फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येतं, त्यांतला हा एक. तूतनखामुनच्या थडग्यातसुद्धा प्राचीन काळी चोर दोनदा शिरून गेले होते. तरीही याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. शोध फेब्रुवारी १९४० मध्ये लागला, आणि तीन महिन्यांत जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. उत्खनन करणारे पिएर माँते फ्रेंच होते. वर्तमानपत्रांत या बातमीला जागाच उरली नाही.

बहुतेक लोक प्सुसेन्नेसला कैरोच्या संग्रहालयात, सोन्याच्या मुखवट्यापुरता, पाच मिनिटं पाहतात. तेवढ्याने तो कळत नाही. त्याची बाहेरची दगडी शवपेटी त्याच्यासाठी घडवलेलीच नव्हती. ती त्याच्या आधी दोनेकशे वर्षं होऊन गेलेल्या मर्नेप्ताह या फॅरोची होती आणि लक्सरच्या राजांच्या दरीतून काढून तानिसला नेली गेली. ती जिथून निघाली तिथून सुरुवात करावी आणि तिच्या वाटेने उत्तरेकडे यावं, म्हणजे हा राजा नीट उलगडतो. पुढचा सहा दिवसांचा आराखडा तसाच आहे.

तयारीचं थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. भारतीय पारपत्र असेल तर व्हिसाचे त्या वेळचे नियम पाहून तो आधीच काढून ठेवावा. कैरो ते लक्सर विमानाने तासाभराचा प्रवास आहे, रात्रीच्या रेल्वेने नऊ-दहा तास लागतात. सरकारी स्थळांच्या बऱ्याच तिकीटखिडक्यांवर आता फक्त कार्ड चालतं, त्यामुळे चालू स्थितीतली दोन कार्डं जवळ हवीत. उलट त्रिभुज प्रदेशातल्या गावांत सुटी रोकडच लागते. पारपत्राच्या तीन-चार छायाप्रती ठेवाव्यात, त्या चौथ्या आणि पाचव्या दिवशी नाक्यांवर कामाला येतात. एक चांगली बॅटरीही घ्यावी. मोबाइलचा उजेड समोरून सपाट पडतो, त्याने खोडलेली अक्षरं दिसत नाहीत.

दिवस पहिला : राजांची दरी, थडगं क्रमांक ८

दरी सकाळी सहाला उघडते. साडेसहापर्यंत आत असावं. आठनंतर पर्यटक बसेसचे जथे येतात, आणि त्याहून मोठी अडचण उष्म्याची असते. माणसांच्या श्वासाने खोल थडग्यांतली हवा दमट होते आणि खाली थांबवत नाही. साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. कोणती उघडी आहेत ते आलटून पालटून बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी फलक पाहून मर्नेप्ताहचं, म्हणजे केव्ही ८, उघडं असल्याची खात्री करावी. बंद असेल तर पहिला आणि दुसरा दिवस अदलाबदल करून उद्या पुन्हा विचारावं.

मर्नेप्ताह हा रामेसेस दुसऱ्याचा तेरावा मुलगा. बाप इतकं जगला की वरचे बारा वारस आधीच गेले आणि हा उतारवयात गादीवर आला. इ.स.पू. १२१३ ते १२०३ अशी जेमतेम दहा वर्षं त्याला मिळाली. थडगं मात्र तोलामोलाचं आहे. सुमारे १६५ मीटर लांबीचा, सरळ रेषेत खाली उतरत जाणारा बोगदाच तो. उतारावर लाकडी फळ्या आणि कठडे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की उतरताना काही वाटत नाही, खरा दम चढताना लागतो.

प्रवेशाशीच डाव्या भिंतीवर राजा आणि रा-होराख्ती देवाचं रंग टिकून राहिलेलं उत्थितशिल्प आहे. बहुतेक जण इथे छायाचित्र काढून घाईने पुढे जातात. आपण पुढच्या दारांच्या चौकटींकडे पाहावं. मर्नेप्ताहसाठी एकात एक बसणाऱ्या चार शवपेट्या केल्या होत्या, बाहेरच्या तीन लाल ग्रॅनाइटच्या आणि सर्वांत आतली अलाबास्टर या पांढरट दगडाची. सर्वांत बाहेरची पेटी आत नेताना ती दारांतून जाईना. थडगं आधी कोरून, रंगवून झालं होतं. मग दारांच्या दोन्ही बाजूंचा दगड तासून वाट रुंद केली, पेटी आत गेल्यावर दगड बसवून बाजू पुन्हा भरल्या आणि त्यांवर चित्रं काढली. मूळ खडक आणि नंतर बसवलेला दगड यांतला सांधा पाहायचा तर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी.

शवकक्षाच्या अलीकडच्या दालनात बाहेरच्या पेटीचं प्रचंड झाकण आहे. शवकक्षात दुसऱ्या पेटीचं झाकण मिळतं. त्याचा आकार कार्टूशचा, म्हणजे राजाचं नाव ज्या लांबट गोलाकार चौकटीत लिहीत तिचा, आणि वर राजाची पहुडलेली आकृती. १९०३-०४ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने हे थडगं साफ केलं. बाहेरची पेटी फोडलेली, अलाबास्टरची तुकडे झालेली. तिसरी इथे नाही. ती तानिसला गेली.

ती कशी गेली असेल हे याच दालनात उभं राहून मनाशी मांडून पाहावं. तिसऱ्या पेटीला हात लावायचा तर आधी बाहेरच्या दोन उघडाव्या लागतात. म्हणजे ग्रॅनाइटची दोन अवजड झाकणं तरफांनी उचलून बाजूला सरकवायची, मग तिसरी बाहेर काढायची आणि १६० मीटरचा चढ ओढत वर आणायची. रात्री लपून येणाऱ्या चोरांना हे जमणार नाही. त्यासाठी माणसं हवीत, लाकडी घसरगाडी आणि दोर हवेत, सवड हवी आणि दरीवर ज्यांची सत्ता आहे त्यांची संमती हवी. त्या काळी दरीवर सत्ता होती ती थीब्सच्या अमून देवाच्या मुख्य पुजाऱ्यांची. त्यांची भेट उद्या.

उरलेल्या दोन थडग्यांची निवड ज्याने त्याने आवडीने करावी. दुपारी दीर अल-बहरीला हातशेपसुतचं मंदिर पाहायला बहुतेक जण जातातच. तिथून दक्षिणेकडच्या कड्यात १८८१ साली उजेडात आलेली ती प्रसिद्ध गुप्त खोली आहे, जिथे रामेसेस दुसरा, सेती पहिला आणि इतर अनेक राजांच्या ममी एकत्र दडवून ठेवलेल्या मिळाल्या. आत प्रवेश नाही, पण कडा खालून दिसतो. प्सुसेन्नेसचा बाप पिनेजेम पहिला त्याच खोलीत सापडला, आणि तोसुद्धा त्याच्या आधी चारशेहून अधिक वर्षं होऊन गेलेल्या थुतमोस पहिल्याच्या शवपेटीत. बापाचं हे कळल्यावर मुलाच्या पेटीचं नवल वाटत नाही.

दिवस दुसरा : मर्नेप्ताहचं मंदिर आणि कर्नाक

पश्चिम तीरावरच्या लहान स्थळांची तिकिटं त्या त्या दारावर मिळत नाहीत. मेमनॉनच्या दोन पुतळ्यांच्या पुढे मुख्य तिकीटघर आहे, तिथूनच ती घ्यावी लागतात. हे न कळल्याने अनेकांना दोन-तीन किलोमीटर परत यावं लागतं. मर्नेप्ताहच्या स्मारकमंदिराचं तिकीट तिथे नाव घेऊन मागावं, कारण ते फारसं कोणी मागत नाही.

मंदिराच्या आज पायाच्या रेषा आणि थोडे खांब उरले आहेत. स्विस अभ्यासकांनी अवशेष जुळवून शेजारी छोटं संग्रहालय केलं आहे, तास-दीड तास पुरतो. येण्याचं कारण वेगळं आहे. मर्नेप्ताहने हे मंदिर बांधताना जवळच्या अमेनहोतेप तिसऱ्याच्या मंदिराचे दगड सर्रास वापरले. मेमनॉनचे पुतळे ज्या मंदिराच्या दारात होते तेच हे मंदिर. १८९६ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ पेट्रीला इथे मिळालेला शिलालेख, ज्यात इस्रायलचं नाव इजिप्तमध्ये पहिल्यांदा येतं, तोसुद्धा अमेनहोतेपच्याच शिळेच्या पाठीवर कोरलेला आहे. म्हणजे ज्याची पेटी पुढे दुसऱ्याने घेतली, त्याने स्वतः आणखी मागच्याचं मंदिर मोडलं होतं. 'चोरी' हा शब्द इथे अपुरा पडतो. अस्वानचा ग्रॅनाइट काढून, तासून, नाईलवरून आणणं हे भरभराटीच्या काळातलं काम. तिजोरी आटली की जुन्याच दगडावर नवं नाव चढतं.

दुपारनंतर पूर्व तीरावर कर्नाक. प्सुसेन्नेसच्या शोधात असलेल्याने इथे त्याच्या बापाच्या खुणा पाहाव्यात. प्रवेशाच्या वाटेवर दुतर्फा मेंढ्याच्या तोंडाचे स्फिंक्स, म्हणजे सिंहाच्या धडाच्या मूर्ती, आहेत. ते पिनेजेमच्या आधीचे, पण त्यांवर नाव पिनेजेमचं. पहिल्या अंगणात एक अजस्र उभा पुतळा आहे, पायांशी लहानशी स्त्रीमूर्ती. तो मुळात रामेसेस दुसऱ्याचा मानला जातो, आणि आज ओळखला जातो तो 'पिनेजेमचा पुतळा' म्हणून. तिथून उजवीकडे आवाराच्या नैर्ऋत्य टोकाला खोन्सूचं मंदिर आहे. गर्दी तिकडे फिरकत नाही. त्याच्या दर्शनी भिंतीवर पिनेजेमच्या काळचं कोरीव काम आहे, त्यासाठी तासभर राखून ठेवावा.

राजकारण समजायला हीच जागा योग्य. विसावा राजवंश संपला तेव्हा इजिप्तचे व्यवहारात दोन भाग झाले होते. उत्तरेत तानिसचे राजे, दक्षिणेत थीब्सचे मुख्य पुजारी, आणि हे पुजारी सेनापतीही होते. लढाई मात्र झाली नाही, कारण दोन्हीकडे एकच घराणं होतं. पिनेजेम थीब्सला मुख्य पुजारी. त्याचा एक मुलगा मेनखेपेर्रे पुढे त्याच गादीवर बसला आणि दुसरा, प्सुसेन्नेस, तानिसचा फॅरो झाला. याच पुजाऱ्यांच्या हुकमाने राजांच्या दरीतली जुनी थडगी उघडली गेली. ममी नव्या कापडात गुंडाळून सुरक्षित जागी हलवल्या आणि सोनं-नाणं सरकारजमा झालं. मर्नेप्ताहची ममी अशीच अमेनहोतेप दुसऱ्याच्या थडग्यात नेऊन ठेवली होती, ती १८९८ मध्ये सापडली. तिची तिसरी पेटी मोकळी झाली ती याच व्यवहारात.

रात्रीच्या गाडीने कैरो.

दिवस तिसरा : कैरो, फुस्तात

रात्रभराच्या प्रवासानंतर हा दिवस हलका ठेवावा. फुस्तात भागातल्या इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात खालच्या मजल्यावर राजांच्या ममींचं दालन आहे. ३ एप्रिल २०२१ च्या रात्री कैरोच्या रस्त्यांवरून मिरवत ज्या बावीस ममी इथे आणल्या, त्यांत मर्नेप्ताह आहे. पहिल्या दिवशी त्याचं रिकामं घर पाहिलेलं असतं, इथे तो स्वतः. छायाचित्रांना सक्त मनाई आहे. आवाजही करू नये, ही माणसं आहेत.

प्सुसेन्नेसची ममी पाहायला मिळत नाही, कारण ती उरलीच नाही. त्याचं कारण पाचव्या दिवशी पायाखाली येईल.

दुपारी वेळ असेल तर गिझाजवळच्या नव्या महासंग्रहालयाच्या प्रांगणातला 'टांगता ओबेलिस्क', म्हणजे वर निमुळता होत जाणारा उंच चौकोनी दगडी स्तंभ, पाहावा. तिकीट वेळेसह आधी ऑनलाइन काढलेलं असावं. रामेसेस दुसऱ्याचा हा ओबेलिस्क उंच चौथऱ्यावर असा उभा केला आहे की खाली उभं राहून वर पाहिलं की त्याच्या बुडाला कोरलेलं राजाचं नाव काचेतून दिसतं. जमिनीला टेकलेल्या बाजूचं हे नाव एरवी कोणाला दिसलंच नसतं. हा दगड आणला आहे तानिसहून.

दिवस चौथा : तेल बास्ता आणि कंतीर

आता त्रिभुज प्रदेश. दोन दिवसांसाठी खाजगी गाडी ठरवावी. सार्वजनिक वाहनांनी झगाझीग आणि पुढे फाकूसपर्यंत जाता येतं, पण त्यापुढे मायक्रोबस भरेपर्यंत थांबण्यात सकाळ निघून जाते आणि परतीच्या गाडीचा भरवसा नसतो. चालकाला 'तानिस' सांगू नये. हे ग्रीक नाव तिथे फारसं कोणाला माहीत नाही, आणि 'तांता' ऐकून चालक भलत्याच मोठ्या शहराकडे निघू शकतो. 'सान अल-हगर, शरकिया' असं जिल्ह्यासकट सांगावं आणि अरबीत लिहून जवळ ठेवावं. हगर म्हणजे दगड. गावाचं नावच दगडांचं सान.

परदेशी प्रवासी या भागात कमी येतात, त्यामुळे नाक्यावर पोलीस थांबवतात, कुठे चाललात विचारतात, कधी सोबत गाडी देतात. यात काही गैर नाही, पण प्रत्येक थांब्याला पंधरा-वीस मिनिटं धरून चालावं. तिथे घाई केली की वेळ उलट वाढतो. छायाप्रत द्यावी, स्थळाचं नाव सांगावं, शांत बसावं.

कैरोपासून झगाझीग ऐंशी किलोमीटर. शहराला लागूनच तेल बास्ता, म्हणजे मांजरमुखी बास्तेत देवीचं बुबास्तिस. विखुरलेले ग्रॅनाइटचे दगड, उभी केलेली भव्य राणीची मूर्ती आणि छोटं संग्रहालय, दोन तास पुरे. बाविसाव्या राजवंशाचं हे मूळ गाव. त्याच वंशातल्या ओसोरकॉन दुसऱ्याने इथे उत्सवाचं दालन उभारलं आणि तो पुरला गेला मात्र तानिसला, प्सुसेन्नेसच्या शेजारी. उद्या त्याचंही थडगं पाहायचं आहे.

दुपारी फाकूसच्या उत्तरेला कंतीर. इथे पाहायला जवळजवळ काही नाही, आणि तरी हे ठिकाण गाळू नये. शेतं, कालवे, घरं, आणि शेतात रामेसेस दुसऱ्याच्या महाकाय पुतळ्याचे फक्त पाय. वर पुतळा नाही. ही पी-रामेसेसची जागा. रामेसेसची राजधानी, जिच्या तबेल्यांत सुमारे ४६० घोडे मावत असं उत्खननातून दिसतं. हे शहर नाईलच्या पेलुसियन फाट्यावर होतं. फाटा गाळाने भरत गेला, गलबतं पोहोचेनाशी झाली, आणि बंदर नाही म्हणजे राजधानी नाही. तेव्हा एकविसाव्या राजवंशाने वीस-पंचवीस किलोमीटर उत्तरेला, वाहत्या फाट्यावर, तानिस उभारलं, आणि पी-रामेसेसचे दगड उचलून तिकडे नेले. ओबेलिस्क, पुतळे, खांब, सगळंच.

या स्थलांतराने अभ्यासकांना पुढे फार काळ फसवलं. तानिसला जिकडे पाहावं तिकडे रामेसेसचं नाव, म्हणून माँते शेवटपर्यंत तानिसलाच पी-रामेसेस मानत होते. पण तानिसला त्या काळची घरं, भांडी, थर काहीच मिळेना. तिथे रामेसेसचे दगड होते, त्याची वस्ती नव्हती. १९६६ पासून मानफ्रेड बिएताक यांनी शेजारच्या तेल अल-दाबाला केलेलं उत्खनन आणि १९८० पासून एडगर पुश यांनी कंतीरला केलेलं काम यांनी हा प्रश्न सुटला. ज्या पायांवर पुतळा नाही ते पाय इथे आहेत, उद्या पायांवाचूनचे पुतळे दिसतील.

मुक्काम झगाझीगला किंवा इस्माइलियाला करावा. कैरोला परत जाऊन पुन्हा येण्यात पाच-सहा तास फुकट जातात. खाण्याचं पाहायचं तर शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. शिजवलेले बाकल्याचे दाणे म्हणजे फूल, त्याच दाण्यांचे तळलेले वडे म्हणजे तामिया, आणि भात-मसूर-शेवया-तळलेला कांदा यांची कोशरी कुठेही मिळते.

दिवस पाचवा : सान अल-हगर

सकाळी नऊच्या आत पोहोचावं. सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवी. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बूट घालावेत. ही खारट चिकणमाती ओली झाली की साबणासारखी होते, आणि ग्रॅनाइटच्या दगडांवरून पाय सटकला तर मार जबर बसतो.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, अरबीत तेच 'तेल'. तानिसचं तेल इजिप्तमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे, तीसेक मीटर उंच. तळाशी नैसर्गिक वाळूचा उंचवटा आहे. पुराच्या पाण्यात हाच कोरडा राहत असे, म्हणून शहर इथे वसलं. वर चढून आधी सगळा परिसर नजरेखाली घालावा, म्हणजे खाली हिंडताना दिशा चुकत नाही.

पश्चिमेला शेशाँक तिसऱ्याच्या दरवाजाचे अवशेष आहेत. तिथून पूर्वेकडे अमूनच्या मंदिराचा आस सरळ जातो. मंदिर म्हणून उभं काही नाही. आडवे पडलेले ओबेलिस्क, त्यांतले काही अलीकडे पुन्हा उभे केलेले, आणि बसवून ठेवलेले पुतळे. इथे वीसहून अधिक ओबेलिस्कांचे अवशेष आहेत, आणि त्यांवर नाव मुख्यतः रामेसेस दुसऱ्याचं.

प्सुसेन्नेसचं स्वतःचं काम पाहायचं तर दगड सोडून विटांकडे वळावं. मंदिराभोवतीची आतली तटबंदी त्याची आहे, कच्च्या विटांची. त्यांतल्या अनेक विटांवर त्याच्या नावाचा शिक्का आहे. बाहेरची, पंधरा मीटर जाडीची दुसरी तटबंदी त्यानंतर कित्येक शतकांनी आली, दोन्हींत गल्लत करू नये. विटेला हात लावू नये, पापुद्रे सुटतात. उन्हं तिरपी असताना, म्हणजे सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी तीननंतर शिक्के दिसतात. भर दुपारी ती नुसती मातीची भिंत असते. या राजाने दगड आणले ते दुसऱ्यांचे, पण विटा पाडल्या त्या स्वतःच्या नावाने, हे पाहिलं की त्याच्याविषयी आदर वाटतो. स्वतःला तो 'रामेसेस-प्सुसेन्नेस' असंही म्हणवून घेई. जुन्या मोठ्या नावाशी नातं सांगण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

राजांची थडगी याच आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहेत. लक्सरला राजे डोंगरात पुरले जात आणि मंदिरं दूर नदीकाठी असत. इथे डोंगर नाही, आणि दूरवरच्या दरीवर पहारा ठेवल्याचा उपयोग होत नाही हे या घराण्याला चांगलंच माहीत होतं, कारण ती दरी रिकामी करणारे तेच होते. म्हणून थडगी मंदिराच्या तटाआत, पुजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, जमिनीत खड्डा घेऊन चुनखडीच्या जुन्या दगडांत बांधली. पुढे त्यांच्यावर मातीची घरं उठली आणि ती झाकली गेली. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएत इथे खणून गेला, १८८४ मध्ये पेट्री खणून गेला, दोघांनाही पत्ता लागला नाही. १९२९ पासून इथे काम करणाऱ्या माँतेंना २७ फेब्रुवारी १९३९ रोजी पहिलं थडगं लागलं, ते ओसोरकॉन दुसऱ्याचं. ते लुटलेलं होतं. मार्चमध्ये शेजारचं तिसऱ्या क्रमांकाचं उघडलं. भिंतींवर प्सुसेन्नेसचं नाव, पण पुढच्या दालनात चांदीच्या ससाणामुखी पेटीत भलताच राजा, शेशाँक दुसरा. खुद्द धन्याचा कक्ष ग्रॅनाइटचा अवजड दगड बसवून बंद केलेला होता, तो उघडायला १९४० उजाडलं.

थडग्यांची छतं आज वरून दिसतात आणि आतली दालनं किती लहान आहेत हे पाहून धक्का बसतो. आत सोडतीलच असं नाही. सोडलं तर प्सुसेन्नेसचा कक्ष पाहावा. ग्रॅनाइटने मढवलेला, अरुंद, मर्नेप्ताहची पेटी ठेवल्यावर बाजूला माणूस जेमतेम उभा राहील एवढा. शेजारचा समांतर कक्ष राणी मुतनेजमेतसाठी होता, पण माँतेंना त्यात मिळाला पुढचा राजा अमेनेमोपे. याच थडग्यात सेनापती वेंजेबाउएनजेदचाही कक्ष आहे, तो १९४६ मध्ये सापडला.

ममी का उरली नाही, ते इथल्या भिंतींच्या पायथ्याला दिसतं. मिठाचा पांढरा थर, ओल. लक्सरचा खडक कोरडा, इथे जमिनीखाली थोडं खोल गेलं की पाणी. हजारो वर्षांच्या दमटपणाने लाकूड, कापड, कातडी सगळं कुजलं. सोनं, चांदी, दगड आणि हाडं शिल्लक राहिली. शेशाँक दुसऱ्याच्या अवशेषांत तर झाडाच्या बारीक मुळ्या शिरलेल्या होत्या, म्हणजे त्याची पेटी कधीतरी साचलेल्या पाण्यात होती. इथे आणण्याआधी तो दुसरीकडे पुरलेला असावा, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. प्सुसेन्नेसची हाडं डॉ. डग्लस डेरी यांनी तपासली. म्हातारा माणूस, दात किडून झिजलेले, सांधे धरलेले. चाळीसहून अधिक वर्षं राज्य केल्याच्या नोंदीशी हे जुळतं.

चारच्या आत निघावं. कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि गाढवगाड्या बिनदिव्याच्या जातात, म्हणून अंधार पडण्याआधी फाकूस गाठणं चांगलं.

दिवस सहावा : कैरो, तहरीर चौकातलं जुनं संग्रहालय

तूतनखामुनचा खजिना नव्या महासंग्रहालयात गेल्यापासून इथली गर्दी ओसरली आहे. तानिसचा खजिना मात्र इथेच आहे. बहुतेक जण थेट वरच्या मजल्यावर मुखवट्याकडे धावतात. क्रम उलटा ठेवावा. माँतेंनी बाहेरून आत ज्या क्रमाने उघडलं, त्याच क्रमाने पाहावं.

आधी दगड. लाल ग्रॅनाइटची पेटी कुठे आहे ते पहारेकऱ्याला 'मर्नेप्ताह' आणि 'प्सुसेन्नेस' दोन्ही नावं घेऊन विचारावं. झाकणावर राजाची पहुडलेली आकृती आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हात पसरलेली आकाशदेवी नूत, मेलेल्या राजाच्या अगदी तोंडासमोर येईल अशी कोरलेली. वाकून खालून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. आता नावं शोधावीत. कारागिरांनी मर्नेप्ताहची नावं खोडून प्सुसेन्नेसची कोरली. खोडलेल्या जागी दगड किंचित खोलगट आणि खडबडीत लागतो, तिरप्या उजेडात ते कळतं. पण आकृतीच्या कमरपट्ट्यावरचं एक कार्टूश त्यांनी तसंच ठेवलं. त्यात अजून मर्नेप्ताहच आहे. नजरचुकीने राहिलं की मूळ धन्याचा मान म्हणून राखलं, यावर मतं निघतात. बाकी सगळी नावं इतकी काळजीपूर्वक बदलली असताना समोरच्या कमरपट्ट्यावरचं चुकून राहावं, हे पटत नाही.

त्याच्या आत काळ्या ग्रॅनाइटची मानवाकृती पेटी होती. ती एकोणिसाव्या राजवंशातल्या कोणा बड्या अधिकाऱ्याची. इथपर्यंत सगळं जुनं. तिच्या आतली चांदीची पेटी मात्र प्सुसेन्नेससाठीच घडवलेली. इजिप्तमध्ये सोनं स्वतःच्या वाळवंटात आणि नुबियात मिळे, चांदी बाहेरून आणावी लागे, म्हणून दीर्घ काळ ती सोन्याहून दुर्मीळ होती. देवांची हाडं चांदीची आणि मांस सोन्याचं, अशी तिथली श्रद्धा. चांदीच्या देहावर कपाळाचा नाग आणि पट्टी सोन्याची आहे, ती याच कल्पनेने पाहावी.

मग मुखवटा. सोन्याचा पत्रा, लाजवर्द हा निळा दगड आणि डोळ्यांना जडवकाम. उंची ४८ सेंटिमीटर. तूतनखामुनच्या मुखवट्यावर निळ्या काचेचे पट्टे आहेत, इथे जवळजवळ सगळं नितळ सोनं. कारागिरी साधी आणि आत्मविश्वासाची आहे. हातापायांच्या वीसही बोटांना घातलेल्या सोन्याच्या टोप्या आणि सोन्याच्या चपला जवळच असतात. बारीक सोन्याच्या चकत्यांचे गळ्यातले सर पाहताना एक वेगळी गोष्ट शोधावी, लाजवर्दाच्या मण्यांचा हार. त्यातल्या एका मण्यावर क्यूनिफॉर्म, म्हणजे मेसोपोटेमियाच्या खिळ्यांसारख्या, लिपीत अक्षरं आहेत. अॅसिरियातल्या एका वजिराच्या मुलीसाठीचं ते दान. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड अॅसिरियात कोरला गेला आणि तानिसच्या राजाच्या गळ्यात संपला. रामेसेस दुसऱ्याच्या नावाची कांस्याची शेगडीही याच थडग्यातली. सेनापती वेंजेबाउएनजेदच्या वाडग्यांत पोहणाऱ्या मुलींचं नक्षीकाम असलेलं एक आहे, ते चुकवू नये.

तीन तास हवेत. दुपारी बारा ते दोन काचेवर खिडक्यांचं प्रतिबिंब येतं, मुखवट्याचं छायाचित्र त्याआधी घ्यावं आणि गडद कपडे घालून यावं, म्हणजे काचेत आपण दिसत नाही. फ्लॅश चालत नाही.

बाहेर पडल्यावर चौकाच्या मध्यापर्यंत चालत जावं. तिथे उभा असलेला ओबेलिस्क रामेसेस दुसऱ्याचा, २०१९ मध्ये सान अल-हगरहून तुकड्यांत आणून जोडलेला. त्याच्या चार बाजूंना मेंढ्याच्या तोंडाचे चार स्फिंक्स आहेत, ते कर्नाकहून आणले आहेत. भोवती वाहतूक अखंड चालू असते. रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे, तो वापरावा.